बेळगाव ते खिद्रापूर, हायवे न धरता नदीकाठच्या पाणंदीनं ग्रॅव्हल बाईकवर जाता येईल का?

शहापूरचा_सायकलवाला

नमस्कार मंडळी, मी बेळगावचा, शहापूर भागात राहतो. ग्रॅव्हल बाईक घेतलीय, म्हणजे कच्च्या वाटेवर पण चालणारी रुंद टायरची सायकल, ४० मिमीचे टायर, पुढं एकच चेनरिंग आणि मागं मोठी कॅसेट (गिअरची दातेरी चक्रं). रोज सकाळी कंग्राळी, उचगाव बाजूला मार्कंडेयच्या काठानं फिरतोय आणि आता डोक्यात एकच गोष्ट बसलीय, की बेळगावहून निघून खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरापर्यंत जायचं पण हायवे ४८ ला शक्यतो चाकच लावायचं नाही. दोन दिवस, मधे एक मुक्काम. पाणंदी म्हणजे शेतामधल्या गाडीवाटा, कॅनॉलचे रस्ते, बंधाऱ्यावरनं पलीकडं, असं जमतंय का ते बघायचंय. सॅटेलाईट नकाशावर बघितलं तर शेताशेतातनं बारीक रेघा दिसतात पण त्यातली कुठली वाट नदीवर जाऊन थांबते आणि कुठली पलीकडं जाते ते काही केल्या कळत नाही. ॲपवर रूट काढला की ते सारखं हायवेलाच नेऊन टाकतंय. तर विचारायचं हे, की वाट कशी शोधायची, कधी जायचं, आणि ४० चे टायर पुरतील का ४५ टाकू? खानापूर बाजूचं पण कुणी सांगितलं तर चालेल, तिकडं नंतर जायचंच आहे.

वेदगंगाकाठ

भावा, वाट शोधायला सॅटेलाईट नको, जुलै-ऑगस्टचा पेपर काढ. खरं सांगतोय. दरवर्षी पाऊस जोरात झाला की निपाणी-चिकोडी पानावर बातमी असतेच, अमुक अमुक पूल पाण्याखाली, वाहतूक बंद. जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, ममदापूर-हुन्नरगी, भोजवाडी-कुन्नूर, कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड, कल्लोळ-येडूर. गडहिंग्लज पानावर बघितलंस तर निलजी, ऐनापूर, जरळी, नांगनूर, गोटूर. ही नावं आम्हाला लहानपणापासून पाठ आहेत. आता विचार कर, पाण्याखाली पहिल्यांदा कुठला पूल जातो? जो बुटका आहे तो. आणि बुटका का, तर तो एस्टी-ट्रकसाठी बांधलेलाच नाही, दोन गावांच्या शेतकऱ्यांनी इकडनं तिकडं जावं म्हणून बंधाऱ्यावर टाकलेला स्लॅब आहे. म्हणजे पुराच्या बातमीतली यादी हाच तुझा रूट आहे, फक्त पावसाळा सोडून. ॲपला हे कळत नाही कारण त्याच्या लेखी बंधारा म्हणजे रस्ताच नव्हे.

आता खिद्रापूरचं. नकाशा जरा लांबनं बघ, तुला एकामागोमाग सात नद्या लागतात. घरची मार्कंडेय, मग कोवाडला ताम्रपर्णी, नेसरीकडं घटप्रभा, गडहिंग्लजला हिरण्यकेशी, निपाणीत वेदगंगा, पुढं दूधगंगा आणि शेवटी कृष्णा. सगळ्या पश्चिमेच्या डोंगरातनं निघून पूर्वेला वाहतात आणि शेवटी सगळं पाणी कृष्णेलाच जातं. तू चालला आहेस उत्तरेला, म्हणजे प्रत्येक दोन नद्यांच्या मधे एक माळ किंवा टेकाड चढायचं आणि पलीकडच्या खोऱ्यात उतरायचं, हे ठरलेलं. त्यामुळं काठाकाठानं सरळ जाईन असं डोक्यातनं काढून टाक. काठानं थोडं पूर्वेला जायचं, बंधारा ओलांडायचा, टेकाड चढायचं, परत काठ.

पहिल्या दिवशी उचगाव-कोवाड-नेसरी-गडहिंग्लज कर, यात डांबरी पण आहे, वाईट वाटून घेऊ नको, बारका रस्ता आहे आणि गाड्या कमी. गडहिंग्लजहून हिरण्यकेशीच्या काठानं निलजी, नांगनूर करत संकेश्वर. मुक्काम तिथंच टाक. दुसऱ्या दिवशी संकेश्वर ते निपाणी मधे तवंदीचा घाट आहे, हिरण्यकेशी आणि वेदगंगा यांच्यामधली भिंतच ती, तिथं हायवेच्या कडेनं जावं लागेल तेवढं जा, आडवाटेच्या हट्टापायी त्या डोंगरात अर्धा दिवस घालवू नको. निपाणी आली की खरी मजा सुरू. अक्कोळवरनं सिदनाळला पलीकडं जा, हुन्नरगी, कुन्नूर, मग भोजवाडीला परत अलीकडं ये. भोजला वेदगंगा-दूधगंगेचा संगम आहे, तिथं थांब जरा. पुढं सदलगा, मलिकवाड, बंधाऱ्यावरनं दत्तवाड, तिथनं तू परत महाराष्ट्रात. सैनिक टाकळी, अकिवाट, खिद्रापूर.

कधी जायचं? दिवाळी झाल्यावर. त्याआधी बंधाऱ्याला गाळ असतो, पाणंदीत चिखल असतो. पण दिवाळीनंतर दुसरी गोष्ट सुरू होते, ऊसतोड. कारखाने पेटले की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर त्याच पाणंदीतनं येतात आणि रुंदी इतकी की दोन्हीकडच्या उसाला घासत जातात. स्पीकरवर गाणी फुल, त्याला तुझी घंटा ऐकू जाणार नाही. लांबनं गाण्याचा आवाज आला की सायकलवरनं उतर, सायकल उचलून बांधावर चढ आणि दोन्ही ट्रॉल्या जाईपर्यंत थांब. मागची ट्रॉली वळणावर आत कापते, तीच माणसाला घेते. हे नीट लक्षात ठेव.

जांभोटी_रोड

वरचं सगळं बरोबर आहे पण मला विचारशील तर पहिली ग्रॅव्हल राईड उत्तरेला नको, आमच्या खानापूरला कर. कारण माती. आमच्याकडं जांभा आणि मुरूम, पाणी पडलं तरी निचरा होतोय, दोन दिवस ऊन पडलं की वाट कडक. तिकडं निपाणी-चिकोडीला काळी कसदार रान, पिकाला सोनं पण चाकाला वैरी. काळ्या मातीत पाणी गेलं की ती फुगते आणि टायरला अशी चिकटते की चाक फोर्कमधे अडकून बसतं, मग सायकल ढकलता पण येत नाही, खांद्यावरच घ्यावी लागते. अवकाळी पाऊस नोव्हेंबरात पण येतोय हल्ली. त्यामुळं आदल्या दिवशी जरी शिंतोडे पडले असले तरी पाणंद सोडून डांबरीनं जायचं, हट्ट करायचा नाही. आणि चिखलात अडकलास तर पॅडल मारून ओढायला जाऊ नको, त्यात मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) स्पोक्समधे जातो आणि त्याला फ्रेमला धरणारा हँगर मोडतो. उतर, काटकीनं फोर्क आणि मागचा भाग मोकळा कर, मगच चाक फिरव.

मुरमाचं मात्र उलटं. वर सुट्टा खडा असतो, खाली टणक. चढताना मागचं चाक जागेवर फिरतं, उतारावर वळणात पुढचा ब्रेक दाबलास की गेलास. वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात ब्रेक सोडायचा, वजन बाहेरच्या पॅडलवर.

रूट म्हणशील तर पिरनवाडी, किणये, जांबोटी, कणकुंबी. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, मंदिराला लागूनच. येताना हब्बनहट्टीच्या मारुतीला थांब, देऊळ नदीपात्रातच आहे म्हणायचं. एवढं बघितलंस की एक दिवस मस्त जातो. जांबोटीहून खानापूरला उतरलास तर पुढं असोग्याचं रामलिंग, तिथं मलप्रभा खडकातनं वाहते, आणि खानापूरहून रेल्वेनं घरी येता येतं.

फक्त एक, कणकुंबीच्या दक्षिणेला आमगाव, गवाळी, देगाव ही नावं नकाशावर बघून मोह होईल, कारण म्हादईचा उगम देगावला आणि वाटा पण सगळ्या मातीच्या. पण तो सगळा भीमगड अभयारण्याचा भाग आहे, २०११ साली घोषित झालं. वनखात्याची परवानगी काढल्याशिवाय आत जायचं नाही. नियम आहे म्हणून सांगतोय असं नाही. आमच्याकडं अस्वलं आहेत, आणि अस्वल हा प्राणी लांबनं पळून जाणारा नाही, अचानक समोर आलास की सरळ अंगावर येतो. सायकलला आवाज नसतो, त्यामुळं त्याला कळत नाही कोण येतंय. जंगलाच्या कडेच्या वाटेला पण पहाटे आणि तिन्हीसांजेला जायचं नाही, वळणाआधी घंटा वाजवत जायचं. गवा दिसला तर थांबायचं, त्याला जाऊ द्यायचं, फोटोला जवळ जायचं नाही.

हिरण्यकेशी_माहेर

मी गडहिंग्लज भागातली, आमची जमीन नदीकाठी आहे आणि घरची पाणंद तुमच्या त्या रूटवर येते, म्हणून शेतकऱ्याच्या बाजूनं लिहिते.

पाणंद म्हणजे डांबरी रस्ता नव्हे आणि कुणा एकाच्या मालकीची वाट पण नव्हे, काही गावनकाशावर असतात, काही बांधकऱ्यांनी मिळून सोडलेल्या असतात. त्यावरनं भाऊबंदकी झालेली आहे, कोर्टकज्जे झालेले आहेत. एखाद्यानं अर्धी पाणंद नांगरून आत घेतलेली असते, दुसरा दगड टाकून ठेवतो. तुम्ही शहरातनं हेल्मेट गॉगल लावून आलात आणि मोबाईलवर बघत उभे राहिलात की पहिली शंका येते ती मोजणीवाले आले का. म्हणून गाव लागलं की थांबा, पारावर कुणीतरी बसलेलं असतंच, नमस्कार करा, कुठनं आलो कुठं चाललो सांगा. पुढच्या गावापर्यंत निरोप तुमच्या आधी पोचतो आणि मग कुणी अडवत नाही, उलट चहाला थांबवतात. संकेश्वरच्या पुढं कन्नड पण चालतं, थोडं थोडं येत असेल तर बोला, नाही आलं तरी आमच्या भागात बहुतेकांना दोन्ही कळतं.

अलीकडं पाणंदी सुधारल्या आहेत हे मात्र खरं. महाराष्ट्राच्या बाजूला मातोश्री पाणंद योजनेतनं रोजगार हमीवर खडीकरण झालं, कर्नाटकात तसंच नम्म होल नम्म दारी म्हणून आहे. त्यामुळं होतं काय, की एकच वाट शिवेपर्यंत चांगली मुरमाची आणि शिवेच्या पुढं चाकोरीची, किंवा उलट. गाव बदललं, राज्य बदललं की रस्त्याची जात बदलते, त्याची तयारी ठेवा. चाकोरी म्हणजे बैलगाडीच्या दोन खोल रेघा आणि मधे गवताचा उंचवटा. त्या उंचवट्यावरनं चालवा, चाकोरीत पडलात की पॅडल मातीला घासतं आणि बाहेर निघता येत नाही.

पाणंदीत आडवी पाईपलाईन टाकलेली असते, चर नुसता मातीनं बुजवलेला असतो, त्यात पुढचं चाक खचतं. ऊस तुटून गेलेला असेल तर वाटेवर पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, पसरलेलं असतं आणि त्याखाली काय आहे ते दिसत नाही, हळू जा. आणि बंधाऱ्यावर सकाळी बायका धुणं धूत असतात, लेकरं असतात. तिथं उतरून चालत जा आणि कॅमेरा पिशवीत ठेवा. गेल्या हंगामात एक ग्रुप ड्रोन उडवत आला होता, आमच्या चुलतसासूबाई भिजलेल्या कपड्यात तशाच घरी आल्या. त्यानंतर महिनाभर गावात सायकलवाल्यांना कुणी पाणी विचारलं नाही. तेव्हा एवढं पाळा, पुढं येणाऱ्यांसाठी पण.

बायकांनी जावं का असं कुणी विचारायच्या आधी सांगते, जावं. मी स्वतः जाते, साधीच सायकल आहे, आणि नांगनूरच्या बंधाऱ्यावर मला पाहून शाळेच्या मुली सायकलवरनं मागं लागतात.

लिंत्सहून

माझं माहेर वडगाव, बेळगाव. सध्या ऑस्ट्रियात लिंत्सला राहते, घराजवळनंच डॅन्यूबचा सायकल मार्ग जातो. जर्मनीतल्या पासावपासून व्हिएन्नापर्यंत तीनशे किलोमीटरच्या वर, जवळजवळ सगळा नदीच्या काठानं. लोकांना वाटतं हा टुरिझमसाठी मुद्दाम बांधला, पण त्यातला बराच भाग जुनी घोडेवाट आहे, इंजिन यायच्या आधी प्रवाहाच्या उलट दिशेला होड्या ओढायला घोडे काठानं चालायचे ती. स्पेनमधे १९९३ पासून बंद पडलेल्या रेल्वे लायनींचे हरित मार्ग केले, त्याचं पण तेच, रूळ गेले आणि सौम्य चढाची वाट आयती राहिली. म्हणजे कामासाठी झालेली वाट आधी, सायकल नंतर. आपल्याकडं बंद रेल्वे लाईन नाही पण कॅनॉल आहेत की. हिडकल धरणाच्या खाली धुपदाळच्या बंधाऱ्यावरनं घटप्रभेचा डावा कालवा निघतो, त्याच्या बाजूनं पाटबंधारेवाल्यांची तपासणीची वाट आहे. चढ-उतार जवळजवळ नाहीच, कारण कालव्याला उतार असतो तो पाणी वाहण्यापुरता. हिवाळ्यात धुपदाळच्या पाण्यावर करकोचे येतात, घटप्रभा पक्षी अभयारण्य तेच. घटप्रभा स्टेशन जवळ आहे, सकाळी सायकलनं जायचं आणि संध्याकाळी रेल्वेनं बेळगाव. सुट्टीला आले की मी हेच करते.

वेदगंगाकाठ

ताईंनी कॅनॉलचं छान सांगितलं, त्यात एक भर. कॅनॉलच्या कडेनं जाताना पाण्याच्या बाजूला कधी राहू नका. अस्तरीकरण केलेला कॅनॉल असेल तर काँक्रीटला शेवाळ असतं, आत पडलेल्या माणसाला पोहता येत असलं तरी वर चढता येत नाही, हाताला काहीच लागत नाही. पाणी सोडलेलं असताना तर ओढ जोराची असते. दोघं-तिघं असाल तर एकामागं एक, आणि कडेची माती भुसभुशीत दिसली की पाण्यापासून लांब सरका.

शहापूरचा_सायकलवाला

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः पेपरच्या यादीचं तर डोक्यातच आलं नव्हतं, काल बसून सगळी नावं नकाशावर खुणा केली आणि खरंच वाट जुळत गेली. काकू, पाराचं आणि बंधाऱ्याचं लक्षात ठेवतो, आमच्या ग्रुपला पण सांगितलं. दादा, तुमचं ऐकून आधी जांबोटी-कणकुंबी करतो, मग दिवाळीनंतर खिद्रापूर. आता टायरचं सांगा. आणि काटे? उचगावच्या पुढंच मला बाभळीचा काटा लागला होता, ट्यूब बदलायला मोकळ्या रानात बसलो तर दुसऱ्या चाकात पण दोन निघाले.

जांभोटी_रोड

४५ टाक, तुझ्या फ्रेममधे बसत असतील तर. पण टायर आणि फ्रेम यांच्यामधे दोन्ही बाजूला बोटभर तरी जागा राहिली पाहिजे, काळ्या मातीसाठी ती जागाच कामाची. बसत नसतील तर ४० वर बिनधास्त जा. आपल्या दूधवाल्यांच्या जुन्या काळ्या सायकलचा टायर २८ बाय दीड इंच, म्हणजे ३८ मिमीच्या आसपासच होतोय, आणि त्यावर दोन्हीकडं कॅन लटकवून लोकांनी ह्याच पाणंदीतनं पिढ्यानपिढ्या दूध घातलंय. रुंदीपेक्षा हवा महत्त्वाची. रोडवर भरतोस तेवढी भरू नको. तुझं वजन सत्तरच्या आसपास असेल तर ४५ ला ३०-३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), ४० ला थोडी जास्त, मागं पुढच्यापेक्षा दोन-तीन जास्त ठेव. मुरमावर हवा कमी असली की चाक खड्याला धरून राहतं आणि हात पण बधिर होत नाहीत.

काट्याला एकच औषध, ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेला टायर. आपल्याकडं बाभूळ, वेडी बाभूळ आणि सराटा, तिन्ही आहेत. सराट्याची गंमत ही की तो जमिनीला चिकटून पसरतो, दिसत नाही, आणि कसाही पडला तरी एक टोक वरच असतं. माळावर सायकल आडवी टाकतोस ना विश्रांतीला, तिथंच लागतात. ट्यूबलेसमधे सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं पातळ द्रव्य, टाकलं की असले बारके काटे आपोआप बुजतात. काटा दिसला म्हणून लगेच उपटू नको, उपटलास तर चाक फिरवून सीलंट त्या जागी येऊ दे. आपल्या उन्हात सीलंट लवकर सुकतं, उन्हाळ्यात दर दोन-तीन महिन्यांनी उघडून बघायचं. मोठं भोक पडलं तर प्लग पाहिजे, आणि एक ट्यूब तरी पण जवळ ठेवायचीच, बाभळीच्या जुन्या काट्यानं बाजूची भिंत फाटली तर सीलंट काही करत नाही.

वेदगंगाकाठ

आणि व्हॉल्व्हचा ॲडॅप्टर घे बाबा. तुझ्या सायकलला प्रेस्टा व्हॉल्व्ह (हवा भरायचं बारीक तोंड) असणार, आणि गावातल्या पंक्चरवाल्याचा पंप किंवा कॉम्प्रेसर त्याला बसत नाही. पितळेचं एवढंसं ॲडॅप्टर असतं, खिशात टाकलं की सदलग्यापासून अकिवाटपर्यंत कुठंही हवा मिळते.

खिद्रापूरला पोचशील तर दुपार कलायच्या आत पोच. मंदिर १२व्या शतकातलं, शिलाहारांच्या काळातलं, पुढच्या स्वर्गमंडपाला मधोमध छतच नाही, वर गोल आभाळ दिसतं आणि खाली तेवढीच गोल शिळा. खांब ४८ आहेत, सगळे मोजत बस. बाहेरच्या हत्तींच्या रांगेकडं पण वेळ दे, लोक मंडप बघून फोटो काढून निघून जातात.

परत येताना सायकल दामटायची नसेल तर मिरजेला जा आणि रेल्वे धर. सायकल डब्यात घेऊ देत नाहीत, पार्सल ऑफिसला बुक करावी लागते, लवकर जाऊन विचार की त्या गाडीला लगेजची सोय आहे का आणि मिरजेत चढवतात का. पेट्रोल नसल्यानं मोटरसायकलपेक्षा काम सोपं, पण हँडल वळवून बांध आणि डिरेलरला पुठ्ठा गुंडाळ, बाकीच्या पार्सलांखाली जाते ती.

आणि निघायच्या आदल्या दिवशी इथं लिही. अक्कोळ-सिदनाळचा स्लॅब मला शेताकडनं जाताना दिसतोच, त्यावर गाळ आहे का, कठड्याचे दगड जागेवर आहेत का, बघून सांगतो.

हिरण्यकेशी_माहेर

नांगनूर आणि निलजीचं मी सांगते. बरगे, म्हणजे बंधाऱ्यात पाणी अडवायच्या फळ्या, घातले की पाणी तुंबतं आणि स्लॅबच्या कडेला ओल राहते, त्या आठवड्यात मधोमध चालवा. आणि संकेश्वरात मुक्काम करायच्या ऐवजी आमच्याकडं उतरलात तरी चालेल, दोघं-चौघं असाल तर ओसरी मोठी आहे, फक्त जेवायला किती जण ते आधी कळवा.

शहापूरचा_सायकलवाला

काकू, चौघं आहोत, चौघंही भाकरी खाणारे. तुळशीचं लग्न झाल्यावरचा पहिला शनिवार धरलाय. शुक्रवारी संध्याकाळी इथं लिहितो, स्लॅबचं आणि पावसाचं कळवा, पाऊस झाला असेल तर आठवडा पुढं ढकलू.